पहिली ओंजळ माती

बोअर कोरडी गेली, तर ती बुजवताना पहिली ओंजळ माती जागा दाखवणाऱ्यानं टाकायची, असा आमच्या घरातला नियम होता. तो कुणी घालून दिला हे वडिलांनाही ठाऊक नव्हतं. त्यांचे वडील पाणाडे होते, ते स्वतः पाणाडे होते. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून अनवाणी चालायचं आणि जिथं नारळ उभा राहील तिथं चुन्याची फुली मारायची, हे त्यांचं काम. पाणी लागलं की शेतकरी बोअरच्या गाडीवर गूळ वाटायचा आणि त्या आनंदात वडिलांची कुणाला आठवण राहायची नाही. पाणी नाही लागलं की मात्र वडील जातीनं जायचे. गाव कितीही लांब असो, त्या भोकात आपल्या हातानं ओंजळभर माती सोडायची आणि मग त्याच शेतकऱ्याच्या घरचं तांब्याभर पाणी पिऊनच उठायचं. त्यानं पाणी दिलं म्हणजे त्याच्या मनात काही उरलं नाही, असा त्याचा अर्थ. ज्याच्या रानात पाणी निघालं नाही त्याच्याच दारात पाणी मागायचं, याची मला लहानपणी भारी लाज वाटायची.

आमचं गाव रावेरकडचं, केळीचं. तिथं जमिनीखाली गाळ आहे, पाणी लागायचंच, त्यामुळे वडिलांचं नाव आपोआप मोठं झालं असं मी म्हणायचो. तोंडावर म्हणायचो, कारण तेव्हा मी पुण्यात भूगर्भशास्त्र शिकत होतो आणि दोन पुस्तकं वाचली की माणसाला जो चेव येतो तो मला पुरेपूर आला होता. नारळ हलतो तो तुमच्या मनगटामुळे, हे मी त्यांना एकदा आकृती काढून समजावलं होतं. त्यांनी आकृती शांतपणे पाहिली, कागदाची घडी घातली आणि कोनाड्यात ठेवून दिली.

ऐंशीच्या दशकात मी मुंबईच्या समुद्रात तेलाच्या रिगवर नोकरीला लागलो. गावात त्याची चेष्टा व्हायची. पारावरची म्हातारी मंडळी विचारायची, की समुद्रात नारळ घेऊन चालतोस तर पाय भिजत नाहीत का. मी चिडायचो, म्हणून ते पुन्हा विचारायचे. पुढे नव्वद सालानंतर एका परदेशी कंपनीच्या कंत्राटावर मी हिंदी महासागरातल्या एका लहानशा बेटांच्या देशात गेलो. त्या देशाचं नाव लिहीत नाही. शाळेच्या नकाशात त्याचं नाव त्याच्यापेक्षा मोठं छापलेलं असतं. वडिलांना, म्हणजे आमच्या आबांना, मी ॲटलासमध्ये ती जागा दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, ही तर माशी बसून गेल्याची खूण आहे.

त्या देशात नदी नव्हती, विहिरी खाऱ्या होत्या. लोक छपरावर पडणारं पावसाचं पाणी टाक्यांत साठवून वर्षभर प्यायचे. मासे आणि नारळ, याशिवाय विकायला काही नाही. तरणीताठी माणसं बोटी भरभरून परदेशी जायची आणि म्हातारी मागं राहायची. सरकारनं तेल शोधायला कंपन्यांना बोलावलं तेव्हा सगळ्या देशाच्या तोंडी तेच झालं. तेल लागलं की दवाखाना होणार, कॉलेज होणार, पोरं परत येणार. भाजीवालीसुद्धा मला विचारायची की किती खोल आहे.

आमचं काम असं चाले. एक जहाज मागं लांबच लांब केबल ओढत समुद्रावर सरळ रेषेत फिरायचं. पाण्यात मोठा आवाज सोडायचा, तो समुद्राच्या तळाखालच्या खडकांवर आपटून परत यायचा, आणि त्या प्रतिध्वनींवरून खाली खडकांचे थर कसे पसरलेत त्याचं चित्र कागदावर उमटायचं. ते कागद घेऊन मी राजधानीतल्या टपाल कचेरीच्या माडीवर रंगीत पेन्सिली घेऊन बसायचो. त्यात एका ठिकाणी थर उशीसारखे वर फुगलेले मला दिसले. तेल असलंच तर अशाच जागी अडकून राहतं. साहेबांनी माझं चित्र पाहिलं, इतरांनीही पाहिलं, आणि विहीर तिथंच घ्यायची ठरलं. म्हणजे जागा मी दाखवली होती. अहवालात मी लिहिलं होतं, तेल लागण्याची शक्यता सहात एक. अशा सहा विहिरी खणल्या तर एक लागेल. आमच्या धंद्यात हा आकडा चांगला समजतात.

जेट्टीवरून जहाजापर्यंत आम्हाला नेणारा एक नावाडी होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा, बायको वारलेली, घरात तो आणि त्याची बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. मी मासे खात नाही हे कळल्यावर त्यांनी मला जेवायला बोलावणं थांबवलं नाही, उलट फणसासारख्या एका फळाच्या फोडी नारळाच्या दुधात शिजवून माझ्यासाठी वेगळ्या ठेवायला लागले. मुलगी प्राथमिक शाळेत शिकवायची आणि तिला नर्स व्हायचं होतं. तिला परदेशातल्या एका मोठ्या शहरात नर्सिंगच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती. पत्र आलेलं होतं, होकार कळवायचा बाकी होता.

एका सकाळी नावेत आम्ही दोघंच होतो. त्यानं इंजिन बंद केलं. मला वाटलं बिघडलं. पण तो माझ्याकडे तोंड करून बसला आणि त्यानं मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. मोठ्या भावाची मुलं अशीच गेली, ती भावाच्या मातीलाही आली नाहीत. पोरगी गेली की गेली. पण इथं तेल लागलं तर इथंच दवाखाना होईल, ती इथंच शिकेल. म्हणून त्याला एकच विचारायचं होतं. कंपनीला नव्हे, मला.

"तू सांग. लागेल?"

याचं उत्तर मला पाठ होतं. सहात एक. ते मीच काढलेलं होतं. पण लहानपणापासून मी असे चेहरे पाहिले होते. आमच्या ओसरीवर माणूस येऊन बसायचा, टोपी मांडीवर ठेवायचा आणि हेच विचारायचा, आणि आबा एका शब्दात सांगायचे. आमच्या घरात विचारणाऱ्याच्या हातावर कुणी अपूर्णांक ठेवलेला मी पाहिला नव्हता. मी म्हणालो, लागेल. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यानं मान डोलावली आणि इंजिन चालू केलं.

आठवड्यानं कळलं की त्यानं नकार कळवला. मुलगी माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. फोडी वाढताना तिनं फक्त एवढं विचारलं, की विहिरीचा निकाल लागेल तेव्हा तुम्ही इथं असाल ना? मी हो म्हणालो. हा माझा दुसरा होकार.

निकाल लागला तेव्हा मी जळगावात होतो. आमच्या कामात चार आठवडे ड्यूटी आणि चार आठवडे सुट्टी असायची. रिग अजून खोदत होती आणि माझी पाळी संपली. थांबायचं म्हटलं असतं तर थांबता आलं असतं. पण केळीची कापणी होती, आबांची तब्येत ठीक नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटायला लागली होती. जळगाव स्टेशनसमोरच्या एसटीडी बूथमधून दर सोमवारी मुंबईच्या कचेरीत फोन करायचा असं ठरलेलं. तिसऱ्या सोमवारी पलीकडच्या माणसानं सांगितलं, की थर तू म्हणालास तसाच निघाला, खडकही उत्तम, पण सगळा खाऱ्या पाण्यानं भरलेला. तेलाचा वासही नाही. सिमेंट घालून विहीर बंद केली, रिग निघाली, कंत्राट संपलं. तू परत जायची गरज नाही, तुझं सामान पाठवतो. बूथवाला काचेबाहेरून मला घाई करत होता, त्याच्यावर मी उगाच खेकसलो.

घरी येऊन आबांना सांगितलं. ते खाटेवर बसून बिया काढलेली चिंच मडक्यात भरत होते. विहीर कोरडी गेली, म्हटलं, नुसतं पाणी निघालं. त्यांचा हात थांबला.

"पानी लागलं अन् कोरडी कशी म्हनतं तू?"

त्याही परिस्थितीत मला हसू आलं. तेही हसले, खोकला येईपर्यंत हसले. जन्मभर ज्याच्यासाठी अनवाणी चालले ते निघालं म्हणून पोराची विहीर फुकट गेली, हे त्यांना फार मजेचं वाटलं. मग हसू ओसरलं आणि त्यांनी विचारलं की माती कोणी टाकली. मी सांगितलं की तिथं माती टाकत नाहीत, यंत्रानं सिमेंट सोडतात. आबांनी मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं. मग म्हणाले, "यंत्राले कोनी इचारलं व्हतं का? इचारलं तं तुले व्हतं."

नावाड्याचं मी त्यांना आधीच्या सुट्टीत सांगून बसलो होतो. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं.

त्याच आठवड्यात शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावाहून पोस्टकार्ड आलं. पावसाळ्याआधी आबांनी तिथं जागा दाखवली होती, ती बोअर कोरडी गेली होती. आबांना तेव्हा जिना चढताना धाप लागायची. डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. मी म्हणालो, दोन ओळींचं पत्र टाकू, समजून घेतील. त्यांनी धोतर बदललं आणि दारात जाऊन उभे राहिले. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्याबरोबर जाण्यावाचून गत्यंतरही नव्हतं.

जळगावहून सुरतकडे जाणारी पॅसेंजर धरली. अमळनेर गेलं तसं डबा रिकामा झाला आणि आबा खिडकीशी सरकले. बाहेरची काळी जमीन हळूहळू मुरमाड होत गेली. त्यांना बोलायचं होतं, पण माझ्याकडे न पाहता. नारळ लोकांसाठी असतो, ते म्हणाले. ते स्वतः उंबर कुठं आहे ते बघतात, वारूळ कुठं आहे ते बघतात, भर उन्हाळ्यात बांधावरचं कुठलं झाड हिरवं राहिलंय ते बघतात. तुझी आकृती बरोबर होती, नारळ मीच उभा करतो. मी थक्क होऊन त्यांच्याकडे पाहत राहिलो. इतकी वर्षं त्यांनी मला जिंकू दिलं होतं.

मग मी विचारलं, की मग शिंदखेड्याला काय पाहिलं होतं?

"काहीच नव्हतं तिथी," आबा म्हणाले. "उंबर नाही, वारूय नाही. पन त्या बाईनं इचारलं. डोक्यावर हंडा घेऊन उभी व्हती ती. मी हो म्हनलो."

नरडाणा स्टेशन मागं पडलं. मला वाटलं होतं की ही चूक फक्त मी केली. ती आमच्या घरातच होती, चिंचेच्या मडक्यासारखी, आणि मी ती समुद्रापार घेऊन गेलो होतो. पुढच्या स्टेशनावर उतरायच्या आधी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मी शब्दशः लक्षात ठेवली आहे.

"हो म्हननारा मानूस लागतो रे लोकाइले. पन नाही झालं तं त्याइच्यापाशी जाऊन बसाले बी तोच लागतो."

स्टेशनहून टेम्पोनं आणि शेवटचा तुकडा पायी गेलो. वाटेत आबा तीनदा थांबले, तिन्ही वेळा चपलेतला खडा काढायचं निमित्त करून. शेतात बोअरच्या गाडीच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या होत्या आणि भोकाभोवती खडकाच्या करड्या पिठाचा ढीग. पाणी लागलं असतं तर त्याचा चिखल झाला असता. हे तसंच कोरडं पीठ वाऱ्यावर उडत होतं. भोकावर एका फुटक्या पाटीचं झाकण ठेवलं होतं, लेकरू पडू नये म्हणून. शेतकरी आणि त्याची बायको आमची वाट पाहत नव्हते. आबा येतील असं त्यांना वाटलंच नव्हतं.

आबा भोकाशी बसले. बसायला त्यांना माझा खांदा धरावा लागला. दोन्ही हातांनी बांधाकडची माती गोळा करून त्यांनी ओंजळ भरली, कपाळाला लावली आणि हळूहळू आत सोडली. ती खाली पोचल्याचा आवाज आला नाही. मग ते शेतकऱ्याच्या बायकोकडे पाहून म्हणाले की माझं चुकलं, जागा बरोबर नव्हती, मला कळत होतं. हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मलाच खाली बघावं लागलं.

ती घरात गेली आणि तांब्या घेऊन आली. ते पाणी तिनं सकाळी पलीकडच्या गावाच्या विहिरीवरून आणलं होतं, हे तिच्या नवऱ्यानं मला मागाहून सांगितलं. तिनं तांब्या पुढं केला.

"तुमना दोष नही शे, आबा. जमीनना शे. पानी पी ल्या."

आबा अख्खा तांब्या प्यायले. एक थेंब खाली सांडू दिला नाही. मग त्यांनी बांधावरची आणखी मूठभर माती घेतली, माझ्या खिशातलं वर्तमानपत्र मागून त्याच्या तुकड्यात बांधली आणि ती पुडी माझ्या हातात दिली. समुद्रात टाक म्हणाले, माती कुठलीही चालते. त्याच्या घरी जा आणि पाणी मागून पी. मी हो म्हणालो. हा तिसरा.

मी गेलो नाही. तिकिटाची सोय नव्हती असं म्हणता येणार नाही, कंत्राट संपताना मला जे मिळालं त्यात जाणं-येणं सहज झालं असतं. नव्हतं ते तोंड. रोज वाटायचं, पुढच्या महिन्यात. मग पत्र लिहायला बसलो. इंग्रजीत चार-पाच खर्डे केले, आणि प्रत्येकात पहिल्या परिच्छेदातच शक्यता हा शब्द आला. त्याला आधी जे सांगायला हवं होतं ते आता सांगून मी स्वतःलाच सोडवू पाहत होतो. मी ते कागद फाडले. जळगावातच एका कॉलेजात शिकवायची नोकरी धरली आणि गावाहून येजा करायला लागलो. पुडी माझ्या जुन्या रिगच्या बॅगेत होती, आणि बॅग आबांच्या खाटेखाली.

दोन वर्षांनी आबा अंथरुणाला खिळले. मधल्या काळात त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं. मी एकदा आठ दिवस मुंबईला कॉलेजच्या कामासाठी गेलो होतो, तेव्हा तिथून पुढं गेलो असेन असं त्यांनी धरलं होतं की काय, कोण जाणे. एका सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होतो. त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, माती टाकली ना?

मी म्हणालो, टाकली आबा.

"पानी देलं त्यानं?"

दिलं, म्हणालो. कसं होतं, त्यांनी विचारलं. पावसाचं होतं, मी सांगितलं, छपरावरून धरलेलं, गोड. एवढं मात्र खरं होतं. ते पाणी मी त्या घरी कितीदा प्यायलो होतो. आबांनी माझं मनगट सोडलं.

"मंग सुटला तू."

त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते पाहवत नव्हतं. बॅग त्यांच्या पाठीखाली हातभर अंतरावर होती. तिसऱ्या दिवशी ते गेले.

पुढं कॉलेज सांभाळून मी शेतकऱ्यांना बोअरच्या जागा दाखवायला लागलो. माझ्याकडे नारळ नाही, जमिनीत वीज सोडून मोजणारं यंत्र आहे. मी सगळ्यांना आकडा सांगतो, दहात चार, दहात सहा. ते मान डोलावतात आणि घरी जाऊन सांगतात की सर हो म्हणाले. कोरडी गेली की मी जातो. धुळ्यापर्यंत गेलो आहे, साक्रीपर्यंत गेलो आहे. ओंजळ टाकतो, दारात बसतो, तांब्या येईपर्यंत उठत नाही. आजवर कुणी पाणी नाकारलं नाही. आबांच्या नारळाला हसणारा मी, आता म्हातारी माणसं मलाच आबांच्या नावानं ओळखतात.

ती मुलगी नर्स झाली की नाही, तिथंच राहिली की उशिरा का होईना बोटीत बसली, मला ठाऊक नाही. त्या समुद्रात पुढं कुणी पुन्हा तेल शोधलं का तेही मी कधी पाहिलं नाही. पुडी आता माझ्या कपाटात आहे. वर्तमानपत्र पिवळं पडून घडीवर फाटलं, म्हणून मागच्या वर्षी नव्या कागदात बांधली. बांधताना थोडी माती बोटांना लागली, ती धुवायला मी नळाखाली हात धरला आणि तसाच मागं घेतला. शिंदखेड्याच्या त्या बाईनं आबांना सोडवलं होतं. माझ्यासाठी एका दारात कदाचित अजून तांब्या भरून ठेवलेला असेल, आणि तिथं मी गेलेलो नाही.